पाण्याच्या रेघेवरची खुंटी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकदमच पात्राबाहेर आल्या, तेव्हा आम्ही बेळगावातल्या पंधरा-वीस जणांनी पैसे जमवले होते. संस्था वगैरे काही नाही. माझ्याकडं एक लांबडी वही होती, कारण माझं पोटच हिशेबावर चालतं. तीन गावांत मिळून ३४ घरांना पत्रे आणि ११ बायकांना शिलाई मशीन अशी त्या वहीत नोंद आहे. शेवटच्या पानावर मी ‘पूर्ण’ असं लिहून खाली दोन रेघाही ओढल्यात.

परवा दिवाळीत ती वही काकांच्या हातात पडली. काका म्हणजे बाबांचे मित्र, ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते आठवडाभरात तिकडं गेले आणि पुढं कितीतरी महिने तिथंच राहिले. त्यांनी ते शेवटचं पान बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “पूर्ण म्हणजे गं काय? किल्लारीला आम्ही काय करून ठेवलं होतं, ते मला पाच वर्षांनी परत गेल्यावर कळलं.”

एवढ्यावरच ही सहल ठरली: दिलेल्याचं पुढं काय झालं ते जाऊन बघायचं. संक्रांतीला जोडून पाच दिवस, वही सोबत.

शुक्रवार, १० जानेवारी २०२५. बेळगाव ते निपाणी

सकाळची कर्नाटकची लाल बस. जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळं मी आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेतलं आणि काकांनी पाकीट काढलं. “पाहणी तुझी, खर्च माझा,” हे त्यांनी पाच दिवसांत निदान सहा वेळा ऐकवलं.

(हे लक्षात ठेवा: महाराष्ट्राच्या बसला ही सवलत चालत नाही. निपाणीला दोन्हीकडच्या गाड्या येतात. पाटी न वाचता चढलात तर कंडक्टरशी हुज्जत ठरलेली.)

तवंदीचा घाट उतरलो तेव्हा खाली धुकं होतं. निपाणीला न उतरता पुढं यमगर्णीपर्यंत तसेच बसून गेलो. तिथं वेदगंगेच्या पुलावर काका खिडकीशी सरकले. पाणी बघाल तर पायाला चिखल लागेल एवढंच. पण २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला हाच महामार्ग इथं पाण्याखाली जाऊन बंद पडला होता आणि मालट्रकांच्या रांगा घाटापर्यंत लागल्या होत्या. बसमधल्या कुणी मानसुद्धा वळवली नाही. त्यांच्यासाठी तो रोजचा पूल.

निपाणीत माझ्या मावशीकडं मुक्काम. घरात शिरतानाच तंबाखूचा वास येतो, चार घरं सोडून वखार आहे. रात्री जोंधळ्याची भाकरी, मिरचीचा खरडा, वर दही. मावशीच्या मते आम्ही उगीच जातोय. “दिलेल्याचं काय झालं म्हणून इचारायला जातंय व्हय कुणी?” हा प्रश्न मला रात्रभर टोचला, कारण तो बरोबरच होता.

शनिवार, ११ जानेवारी. भोज, कारदगा

पावसाळ्यात इथल्या पेपरात एक यादी दरवर्षी छापून येते. जत्राट–भिवशी, सिदनाळ–अक्कोळ, भोज–कुन्नूर, कारदगा–भोज, मलिकवाड–दत्तवाड, कल्लोळ–यडूर. पाण्याखाली गेलेले पूल आणि बंधारे. निपाणी-चिकोडी भागातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी ही यादी येत असावी. भोजला वेदगंगा दूधगंगेला मिळते. दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांचं गाव म्हणून लांबलांबून लोक तिथं येतात. आम्ही संगमावर पाच मिनिटं उभे राहिलो. दोन्ही नद्या एकमेकींची ओळख नसल्यासारख्या शांत.

कारदग्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी अर्धा तास खाल्ला. त्याबद्दल काही लिहीत नाही. जानेवारीत या रस्त्याला निघायचं तर ते धरूनच चालायचं.

वहीतलं पहिलं घर. दारातल्या खांबावर तीन रेघा, खालची निळ्या रंगाची, बाकी दोन गेरूच्या. २००५, २०२१ आणि सगळ्यात वर २०१९. त्या वरच्या रेघेच्याही दीड हात वर भिंतीत एक खुंटी ठोकलेली, आणि तिला दुधाच्या पिशव्यांसारखी जाड प्लास्टिकची पिशवी लटकलेली. घरातला सगळ्यात उंच माणूसही स्टुलावर चढल्याशिवाय तिथं पोचणार नाही. काकांनी विचारल्यावर घरमालकांनी ती उतरवली आणि एकेक कागद पलंगावर मांडत गेले. आधार कार्डं, रेशन कार्ड, शेताची पहाणी (आमच्याकडचा सातबारा), घराचा ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीतल्या नोंदीचा उतारा, पासबुक, दूध डेअरीचं कार्ड, २०१९ च्या पडक्या घराचे चार फोटो. तळाशी एक पोचपावती होती. शाई धुऊन गेलेली, नुसता शिक्क्याचा जांभळा गोल उरलेला.

“ही कशाची?” मी.

“आता ती कशाची न्हाई,” ते म्हणाले. “पण टाकवत न्हाई.”

आम्ही दिलेले पत्रे मात्र घरावर दिसेनात. परसात गेलो तर सगळे गोठ्यावर. माझा चेहरा वाचून वहिनी म्हणाल्या, “ताई, माणूस देवळात झोपतंय, शाळंत झोपतंय. म्हस कुठं झोपंल?” पुढचा हिशेब त्यांनी बोटांवर करून दाखवला. म्हैस भिजली तर दूध तुटतं. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, उसाचं कधी येईल ते कारखान्याला ठाऊक. त्या वर्षी नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला होता. शेंड्यात गढूळ पाणी शिरलं की तो आतून कुजतो आणि कांड्यांवरचे डोळे फुटून येतात. म्हणजे घरात येणारा एकच पैसा उरला होता, आणि त्याच्यावर छप्पर घालणं हे त्यांनी केलं. वहीत मी त्या घरापुढं ‘पत्रे घरावर नाहीत’ असं लिहायला घेतलं होतं. ते खोडून ‘पत्रे वापरात’ लिहिलं.

अशी चौदा घरं फिरलो. मशीनींचा हिशेब जास्त मजेशीर. एकीचं मशीन खडखडत चालू होतं, समोर ब्लाउजपिसांचा ढीग. एकीचं टीव्हीखाली, वर क्रोशाचा रुमाल. एकीनं लेकीच्या लग्नात दिलं. एकीनं नवऱ्याच्या ऑपरेशनला विकलं आणि हे सांगताना ती उगीचच उठून उभी राहिली, जसं मास्तरांनी विचारलंय. काकांनी तिला खाली बसवलं. “किमतीला गेलं का नीट?” एवढंच विचारलं. नीट गेलं होतं.

(तुम्ही अशी पाहणी करायला जाणार असाल तर: हंगामात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गावात म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कुणी भेटत नाही. दिवे लागल्यावर जा. पहिला अर्धा तास वही पिशवीतच ठेवा, मोबाइल तर नकोच. आणि चहा नाकारू नका. आम्ही त्या दिवशी नऊ प्यायलो.)

अंधार पडल्यावर गल्लीच्या टोकाला एका बाईनं हटकलं. तिला आम्ही ओळखत नव्हतो, तिनं आम्हाला ओळखलं होतं. नवरा २०१८ ला गेला. पूर आला तेव्हा ती दोन पोरांना घेऊन भाड्याच्या खोलीत होती. खोली पडली. घरमालकाला नुकसानभरपाई मिळाली, ते कायद्यानं बरोबरच, घर त्याचं. तिचं गेलं ते डबे, अंथरुणं, पोरांची दप्तरं. “सरकारच्या यादीत मी न्हवतो, त्याचं काय वाटलं न्हाई,” ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. “पर तुमी तर आमच्यातलं. तुमची वही बी आमच्या दारात आली न्हाई.”

मी काहीतरी पुटपुटले. खरं उत्तर मला माहीत होतं. आमची यादी आम्ही एका उत्साही पोराकडून घेतली होती, आणि त्यानं पंचायतीतली उतरवून आणली होती. घर ज्याच्या नावावर, त्याला पत्रे. एका घरात तर सासू आणि सून अशी दोन मशीनं गेली होती.

रात्री मावशीकडं वही उघडली. ‘पूर्ण’ खोडलं नाही. पान उलटलं आणि नवीन पानावर ‘वहीबाहेर’ असं लिहिलं. पहिलं नाव तिचं.

रविवार, १२ जानेवारी. सदलगा, यडूर, आणि मध्ये एक गाव

त्या मधल्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढची हकिगत तिथल्या माणसांना अजून निस्तरायची आहे.

आता काकांचा प्रश्न बदलला होता. ‘काय मिळालं’ हे विचारणं त्यांनी सोडलं आणि जाईल तिथं ‘यादीत कोण नव्हतं?’ एवढंच विचारत सुटले. कट्ट्यावर बसलेल्या चार जणांनी एकदमच एका घराकडं बोट दाखवलं.

पांढऱ्या मातीच्या भिंतीचं घर, म्हणजे आता अर्धं. पाणी उतरलं, पंचनाम्याला माणसं आली, तेव्हा चारी भिंती उभ्या होत्या. टेप लावला, फोटो काढला, घर ‘सी’ वर्गात. त्या वर्षी कर्नाटक सरकारनं ७५ टक्क्यांच्या वर पडलेल्या घराला ‘ए’ धरून ५ लाख रुपये जाहीर केले होते, ते काम जसजसं वर येईल तसे टप्प्याटप्प्यानं. ‘सी’ ला ५० हजार. तातडीचे १० हजार वेगळे. इथवर सगळं ठीक. नंतर ऊन पडलं. नऊ दिवसांनी, भर दुपारी, मागची भिंत बसली. कुणाला लागलं नाही, सगळे रानात होते. अर्ज केला. पंचनामा एकदाच होतो म्हणून सांगितलं. पुन्हा अर्ज केला. शेवटी स्वतःच्या पैशानं दोन खोल्या बांधल्या, बाकीचं तसंच ठेवलं.

काका त्या भिंतीच्या बुंध्याशी उकिडवे बसले आणि नखानं माती खरवडून बघितली. मातीची भिंत पाण्यात असते तोवर बाहेरचं पाणीच तिला दाबून धरतं, ते म्हणाले. पाणी गेलं की भिजलेला बुंधा उघडा पडतो, वरचं ओझं तसंच असतं. त्यात ऊन लागलं की माती आकसते, भेगा पडतात. पूर ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस पुरापेक्षा वाईट.

मग किल्लारी निघालीच. ती निघणार हे मला शुक्रवारपासून ठाऊक होतं. तिथं आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती पोचवून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मातीत रचलेल्या दगडांच्या हातभर-दीड हात जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. काही सेकंदांत सगळं खाली. “तिथं घर कधी पडलं म्हणून कुणी विचारलं नाही. सगळ्या गावाची तारीख एकच,” काका म्हणाले. “इथं घरागणिक तारीख वेगळी. आणि पंचनाम्याची मात्र एकच.”

तिथं घोळ निराळा झाला होता. ५२ गावं दुसरीकडं वसवली आणि घराचं माप ठरलं ते शेतजमिनीवर: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आखीव रस्ते, सरळ रांगा. काका पाच वर्षांनी गेले तर बऱ्याच बायका अंगणात, उभ्या केलेल्या कुडाच्या आडोशाला स्वयंपाक करत होत्या. आतल्या ओट्यावर चुलीचा धूर जायला वाटच नव्हती. तेव्हापासून ते कुठल्याही घरात गेले की आधी ‘चूल कुठाय?’ विचारतात. शनिवारी दोन घरांत त्यांना लोकांनी भुकेलेले समजून जेवायला बसवलं होतं, ते यामुळंच.

त्या गावात मला खरी भेटली ती एक पोरगी, आता बी. कॉम. पहिल्या वर्षाला. २०१९ ला ती आठवीत होती. अर्ज सगळे कानडीत, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. शाळेत कानडी शिकलेली ती एकटी. पडवीत पोतं टाकून बसायची आणि रांगेनं सगळ्यांचे अर्ज भरायची. तिला आम्ही तेव्हा पाहिलंही होतं, खाऊचा पुडा दिला होता. साठ-सत्तर घरांची भरपाई ज्या अक्षरात मागितली गेली, त्या अक्षराला आमच्याकडून एक बिस्किटाचा पुडा. काकांनी तिला विचारलं, आता कोण भरतं अर्ज? “मीच की. पण आता वीस रुपये घेतो.” बरं केलंस, म्हटलं.

गावची शाळा पुरात आसरा केंद्र होते. पूर्वी तिला ‘गंजी केंद्र’ म्हणत, म्हणजे पेजेचं ठिकाण. आता फलकावर असतं ‘काळजी केंद्र’. कानडीत काळजी म्हणजे आस्था, जपणूक. आमच्या लोकांनी ते मराठीत वाचलं. एक आजोबा म्हणाले, “नाव लई बेस दिलंय. आत गेलं की तीच करत बसतंय माणूस.”

यडूरला पोचायला दिवस मावळला. वीरभद्राचं दर्शन घेतलं, नदीवर गेलो. पावसाळ्यात इथले लोक महाराष्ट्रातल्या, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक येतंय आणि दूधगंगेतून किती, याची बेरीज तोंडी करतात. दोन्ही पाणी इथं जवळच एकत्र होतं, म्हणून बेरीज इथलीच. पानटपरीवाल्यानं मला जुलैतले आकडे तारखेनिशी सांगितले. मी हिशेब लिहिणारी, मला एकही लक्षात राहिला नाही.

सोमवार, १३ जानेवारी. भोगी. मांजरी

या दिवशी आम्ही फार काम केलं नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

मांजरीला काकांच्या ओळखीच्या घरी उतरलो. भोगीची भाजी चुलीवर रटरटत होती: वांगी, पावटा, गाजर, ओला हरभरा, वर तिळाचं कूट. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्या दुरडीत रचलेल्या. घरातली आजी त्यांना ‘सज्जी रोट्टी’ म्हणते, तिचं माहेर कानडी. नातवाशी मराठी, म्हशीशी कानडी. आम्हाला बघून “बर्री, बर्री” म्हणाली आणि लगेच “बसा की, उभं का?”

काका किल्लारीतून आलेत असं कुणीतरी सांगितल्यावर (तिला वाटलं कालच) आजीनं भूकंपाचा विषय स्वतःच काढला. नवी नवरी होती. थंडीचे दिवस, पहाट. मांडणीतली भांडी वाजायला लागली. “मला वाटलं मांजर. म्हणून चिमटा फेकून मारलो. तर मांडणीच खाली आली.” सासू ओरडत आली, ती भांड्यांसाठी. बाहेर गल्ली गोळा झाल्यावर कळलं की सगळ्यांच्याच घरात मांजर शिरलं होतं. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. तारीख काकांनी सांगितली, आजीनं मान हलवली. तिला तारखेशी घेणं नव्हतं.

“तीच न्हवं का कोयना,” ती म्हणाली, “तवा हलवली, आता बुडवतीया.”

जेवण झाल्यावर मी वही काढली. ‘वहीबाहेर’ पानावर आता सात नावं होती. दोन भाडेकरू, एक सालगडी, एक घर जे नऊ दिवस उशिरा पडलं, एक म्हातारा ज्याच्या घराचा उतारा अजून मेलेल्या थोरल्या भावाच्या नावावर आहे, माहेरी परत आलेली एक मुलगी, आणि वर ती दप्तरं गेलेली बाई. यांच्यासाठी काय करायचं, ते बेळगावला गेल्यावर मंडळींना विचारायचं. निम्मे जण म्हणतील, इतक्या वर्षांनी कुठं. त्यांना सांगायला माझ्याकडं आता सात दारं आहेत.

(राहण्याबद्दल: नदीकाठच्या गावांत लॉज शोधू नका. चिकोडी किंवा निपाणीला मुक्काम करा, नाहीतर मिरज–बेळगाव रेल्वेवरच्या उगार, कुडचीसारख्या स्टेशनांची वेळ बघून दिवसाचा बेत आखा. पहाटेला स्वेटर हवाच, दुपारी तो हातात धरून फिरावा लागतो.)

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

परतीची बस दुपारची होती. पण सकाळी आजीच्या घरचे, शेजारचे आणि आणखी एक बिऱ्हाड असे सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरले आणि आम्हालाही वर ओढून घेतलं. संक्रांतीला नदीवर अंघोळ आणि तिथंच जेवण, हा इकडचा रिवाज. त्याच नदीवर. मला ते जरा विचित्र वाटलं, ट्रॉलीतल्या कुणाला वाटलं नाही.

काठावर जत्राच होती. ऊस, गाजरं, बोरं. पोरं पाण्यात उड्या मारत होती, बायका ओल्या लुगड्यांनी ओट्या भरत होत्या. डब्यांची झाकणं निघाली: शेंगाची पोळी, कालच्याच कडक भाकऱ्या, दहीबुत्ती, कारळ्याची चटणी. एका पोरानं आजोबांना विचारलं, पूर कुठवर आला होता? आजोबांनी हातातल्या अर्ध्या भाकरीनंच मागच्या बाभळीकडं दाखवलं. अगदी वरच्या फांदीला एक कापडाची चिंधी अडकून होती, कधीकाळी साडी असावी. पोरगं मान वर करून बघत राहिलं, मग त्यानं तिच्यावर दगड मारून बघितला.

आजी सुनेचा हात धरून पाण्यापर्यंत गेली. हळदकुंकू सोडलं, चिमूटभर तीळ सोडले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

“औंदा गप ऱ्हा गं बाई,” ती नदीला म्हणाली. आणि तशीच मागं वळून आम्हाला, “ती शेंगाची पोळी संपवा तेवढी. परत न्यायची न्हाई.”